बाम्बर्गचा धूर: घरच्या राउखबिअरच्या नोंदी

5 ऑक्टोबर 2024, शनिवार

जर्मनीत मी राहते त्या एर्लांगनहून बाम्बर्गला लोकलने पाऊण तासही लागत नाही. तरी सहा वर्षांत मी दोनदाच गेले होते, तेही पाहुण्यांना कॅथेड्रल दाखवायला. आज एकटी गेले आणि स्टेशनवरून सरळ डोमिनिकानरश्ट्रासे गाठली. कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी श्लेंकर्ला या राउखबिअरच्या, म्हणजे धुराच्या बिअरच्या, ब्रुअरीचं घर आहे. 1405 सालच्या कागदांत त्याचा पहिला उल्लेख सापडतो, तेव्हा नाव होतं ‘निळा सिंह’. आताचं नाव एका जुन्या मालकावरून पडलं. आंद्रेआस ग्राझर चालताना हात हलवत, झोकांड्या दिल्यासारखा चालायचा असं सांगतात. ‘श्लेंकर्न’ म्हणजे असे हात झुलवणं, आणि शेवटचा ‘ला’ हा फ्रांकेनच्या, म्हणजे या प्रांताच्या, बोलीतला लाडाचा प्रत्यय, आपल्या ‘बाळू’तल्या ‘ऊ’सारखा. कागदोपत्री ब्रुअरी ‘हेलर’ आहे, पण त्या नावाने तिला गावात कोणी विचारत नाही.

काउंटरपासून चार हातांवर जागा मिळाली. मी बसले असतानाच नवं पीप आलं. ओकच्या लाकडाचं, बाहेरून ओलं. माणसाने ते कट्ट्यावर चढवलं, तोटी भोकाशी धरली आणि लाकडी हातोड्याचा एक ठोका दिला. दुसरा द्यावा लागला नाही. इथे बिअर गॅसच्या दाबाने वर येत नाही, पिपातून स्वतःच्या वजनाने खाली पडते, त्यामुळे तोंडात ती मऊ लागते, जिभेला टोचत नाही.

ग्लास पुढे आला तो जवळजवळ काळा. उजेडासमोर धरला तेव्हा तपकिरी-तांबूस दिसला. पहिला वास धुराचा. जर्मन लोकांना त्यात खारवलेलं, धुरावलेलं मांस आठवतं. मला आजोळ आठवलं. पावसाळ्यात लाकडं दमट असायची, चूल धुमसायची आणि वरच्या दुधाला धूर लागायचा. आजी म्हणायची, दूध धुरकटलं. ते दूध आम्ही नाक मुरडून प्यायचो. इथे त्याच वासासाठी लोक रांगेत उभे होते.

ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर जुन्या जर्मनमध्ये छापलंय की पहिल्या घोटाला चव परकी वाटली तरी हिरमुसू नकोस, तहान काही कमी होणार नाही आणि बरं वाटणं मात्र वाढत जाईल. माझं दुसऱ्या ग्लासाच्या मध्यावर तसं झालं.

गाडीत बसल्यावर ठरवलं: 20 लिटर, मेर्त्सेन पद्धतीची, म्हणजे जरा जास्त कसाची. बार्लीला मोड मी आणणार, धूरही मीच देणार. घरी बिअर करायला लागून तीन वर्षं झाली, पण माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कायम पिशवीतूनच आलंय.

7 ऑक्टोबर

रात्री वाचत बसले. राउखबिअर म्हणजे बिअरला वरून धुराची चव दिलेली, अशी माझी समजूत होती. ती उलटी होती. धूर हा पूर्वी सगळ्याच बिअरमध्ये असायचा. ओलं माल्ट वाळवायला ऊन नाहीतर आग, दोनच उपाय होते, आणि युरोपच्या थंडीत वर्षभर भरवसा आगीचाच. आग म्हटली की धूर धान्याला लागणारच. 1635 मध्ये इंग्लंडमध्ये निकोलस हॉल्स याला धूर न लावता माल्ट वाळवण्याच्या भट्टीचं पेटंट मिळालं. पुढच्या दोन शतकांत कोळसा, कोक आणि गरम हवेच्या भट्ट्या आल्या. त्या स्वस्त पडत, माणसं कमी लागत, माल फिकट आणि एकसारखा निघे. एकेका गावातून धूर गेला. बाम्बर्गमध्ये दोन घरांनी लाकूड सोडलं नाही, श्लेंकर्ला आणि श्पेत्सिआल. दोघांच्याही स्वतःच्या माल्टच्या भट्ट्या आहेत, खाली बीच नावाच्या झाडाचं लाकूड जळतं आणि धूर थेट धान्यातून वर जातो.

याचं मला फार अप्रूप वाटतंय. सगळे करत होते तेच हे दोघे करत राहिले. बाकीच्यांनी सोडल्यावर ते वैशिष्ट्य झालं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. बिअरचं तिला विशेष कौतुक नाही, पण बार्ली भिजवायची, उपसायची, मोड आणायचे, वाळवायची हे ऐकल्यावर म्हणाली, “अगं, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच की. मोड बोटभर वाढू देऊ नकोस, कडू होतं.” माल्टिंगवर मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकी सूचना आढळली नाही.

12 ऑक्टोबर, शनिवार

सुरुवात केली. शेतकऱ्याकडून आणलेली बार्ली 3.5 किलो. सकाळी 8 ला थंड पाण्यात घातली, दुपारी 4 ला उपसली, रोळीत ठेवली, रात्री परत पाण्यात.

तारीख मुद्दाम निवडली आहे. 12 ऑक्टोबर 1489 ला बाम्बर्गचा राजबिशप हाइनरिख ग्रोस फॉन ट्रोकाऊ याने हुकूम काढला की बिअरमध्ये माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. बव्हेरियाचा प्रसिद्ध शुद्धतेचा कायदा 23 एप्रिल 1516 चा, म्हणजे बाम्बर्गचा त्याहून 27 वर्षं आधीचा. बाम्बर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हतंच, बिशपचं स्वतंत्र राज्य होतं. इथल्या माणसासमोर 1516 म्हटलं की तो 1489 म्हटल्याशिवाय राहत नाही. दोन्ही हुकुमांत यीस्टचं नाव नाही. यीस्ट नावाचा जीव असतो हे कळायला आणखी साडेतीन शतकं जायची होती. आदल्या हंड्याचा गाळ पुढच्या हंड्यात घालायचा एवढं लोकांना ठाऊक होतं, विरजणासारखं.

14 ऑक्टोबर

तिसऱ्या भिजवणीनंतर वजन 5.4 किलो. म्हणजे ओलावा साधारण 44 टक्के, हवा तेवढा. दाण्याच्या बुडाशी पांढरा ठिपका दिसू लागला. तळघरात फरशीवर पांढरं कापड अंथरून चार बोटं जाडीचा थर केला. तापमान 15. दिवसातून तीनदा हाताने उलथायचं, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि मधे उष्णता धरते.

18 ऑक्टोबर

तळघराचं दार उघडलं की ताज्या काकडीचा वास येतोय. मोड आतल्या आत, सालीखाली, दाण्याच्या तीन चतुर्थांश लांबीपर्यंत आलाय. तो बाहेरून दिसत नाही, दाणा उभा चिरावा लागतो. मी रोज दहा दाणे ब्लेडने चिरते. चिमटीत दाणा चिरडला तर आतून खडूसारखं पांढरं पीठ पसरतं, कुठे खडा लागत नाही. उद्या आग.

19 ऑक्टोबर, शनिवार

दिवस अर्धा फुकट गेला आणि अर्धा सोन्यासारखा.

शेजारच्या आजोबांच्या बागेत भट्टी उभी केली. खाली विटांची चूल, मीटरभर वर बारीक जाळीची परात, चारही बाजूंनी पत्रा. आजोबा मूळचे बाम्बर्गचे, वय 78. त्यांच्या शेडमध्ये बीचचं लाकूड रचलेलं असतं. ते यायच्या आधीच मी घाईने बाहेरच्या रांगेतले ओंडके उचलले. ते यंदाचे होते, ओले. पेटवलं तर धुमसतच राहिले, पिवळट दाट धूर. मग हवा मिळावी म्हणून पत्रा सरकवला, तर आग एकदम भडकली. वीस मिनिटांत परातीतलं तापमान 70 वर. धान्य तेव्हा निथळत होतं. जाळीवर काळा चिकट थर बसला, दाणे जिभेवर ठेवले तर डांबर.

आजोबा आले, ओंडका हातात घेऊन त्याच्या टोकाला नखाने टोकरलं आणि म्हणाले, “हे दोन उन्हाळ्यांनंतर.” मग शेडच्या आतल्या भिंतीजवळची लाकडं काढून दिली. हलकी, टोकांना चिरा पडलेली, एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजणारी.

दुसरी परात त्यांच्या देखरेखीखाली. लहान आग, सतत. धूर जवळजवळ दिसेनासा, निळसर. पहिले सात तास 45 ते 50 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. धान्य ओलं असताना तापलं की आतली एन्झाइम्स मरतात, आणि तीच मेली तर पिठाची साखर कोण करणार? पण धूर उत्तम धरतो तोही ओलाच दाणा. म्हणजे सगळं काम या सात तासांतच आहे. दर दहा मिनिटांनी एक फाटा, कमी ना जास्त. डोळे चुरचुरत होते, पण उठायचं मनात आलं नाही. ओलावा उतरल्यावर हळूहळू 60, 70, शेवटी 82. रात्री साडेअकराला आग विझवली.

बीचच का, हे आज हातांना कळलं. पाइन किंवा स्प्रूसमध्ये राळ असते, काजळी धरते. बीच वाळलं की संथ आणि एकसारखं जळतं. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं त्यातून ग्वायकोल आणि सिरिंगॉल निघतात. धुराची चव आणि वास मुख्यतः या दोघांचा.

20 ऑक्टोबर

वाळलेली मुळं हातांवर चोळून पाखडली. सूप नव्हतं, मोठी परात वापरली. दोन्ही परातींचं थोडं-थोडं माल्ट दळून 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं आणि आयोडीनचे थेंब टाकले. पहिल्या परातीचं पाणी निळंकाळं झालं, म्हणजे स्टार्च तसाच. दुसऱ्याचं पिवळंच राहिलं. पहिली परात कंपोस्टमध्ये गेली. पदरात पडलं ते 1.2 किलो. 20 लिटरला 5 किलो लागतं, तेव्हा उरलेलं धुराचं माल्ट विकत आणायचं. तेही बाम्बर्गचंच घेणार. वायरमान 1879 पासून तिथे माल्ट करतात आणि त्यांचं बीचच्या धुरावरचं माल्ट जगभर जातं. कुठल्याही देशात कोणी राउखबिअर करत असेल तर त्यात बाम्बर्गचा धूर असण्याचा संभव बराच.

माल्टला आता तीन आठवडे विश्रांती.

2 नोव्हेंबर, शनिवार

माल्ट मुरेपर्यंत परत बाम्बर्ग, या वेळी आजोबांबरोबर. आधी रेग्नित्सच्या अलीकडचं श्पेत्सिआल, 1536 पासूनचं. इथला धूर सौम्य आहे, मागून येतो. ज्याला श्लेंकर्लाची धास्ती वाटते त्याने इथून सुरुवात करावी. माझं मत मात्र श्लेंकर्लाकडेच झुकतं. तिथे धूर लाजत नाही.

मग श्टेफान्सबेर्ग. श्लेंकर्लाचं बिअर करण्याचं काम या टेकडीवर चालतं आणि खाली वालुकाश्मात खोदलेली तळघरं आहेत. बाम्बर्गच्या टेकड्या अशा बोगद्यांनी पोखरलेल्या आहेत. यंत्राची थंडी 1870 नंतर आली. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने कार्ल फॉन लिंडे याने शीतयंत्र उभं केलं तेव्हा. त्याआधी थंडी म्हणजे खडक, आणि हिवाळ्यात तळ्यांतून कापून आणलेला बर्फ. बव्हेरियात 1553 च्या हुकुमाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायलाच बंदी होती. उन्हाळ्यात बिअर नासायची, शिवाय आगीची भीती. म्हणून मार्चमध्ये जरा जास्त कसाची करून उन्हाळाभर पुरवायची. मेर्त्सेन हे नाव त्या मार्चचं.

तळघरावरची जमीन तापू नये म्हणून वर झाडं लावली, सावलीत बाकं आली, लोक यायला लागले. म्हणून बाम्बर्गमध्ये तळघरात ‘खाली’ जात नाहीत, तळघरा‘वर’ जातात. आजोबा सहज बोलून गेले, “उन्हाळ्यात आम्ही रोज तळघरावर असायचो”, आणि मला क्षणभर अर्थच लागेना.

उतरताना त्यांनी 1907 ची गोष्ट सांगितली, त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. त्या ऑक्टोबरात ब्रुअरींनी अर्ध्या लिटरचा भाव एका फेनिगने, म्हणजे तिथल्या एका पैशाने, वाढवला. गावाने बहिष्कार टाकला आणि शेजारच्या फोर्खहाइमहून जुन्या भावाची बिअर आणून प्यायला सुरुवात केली. आठवडाभरात ब्रुअरींनी भाव पूर्ववत केला. आजही याला ‘बिअरयुद्ध’ म्हणतात. एका फेनिगसाठी माणसं हट्टाला पेटली. धूर टिकला तो अशा गिऱ्हाइकांमुळेही, असं मला वाटतं. बदल खपवून न घेणारं गिऱ्हाईक ज्या ब्रुअरीला आहे, तिला लाकूड सोडणं सोपं जात नसणार.

जेवायला बाम्बर्गचा कांदा घेतला. अख्खा कांदा कोरून खिमा भरून भाजलेला, वर राउखबिअरचा रस्सा. इथल्या बागाईतदारांना ‘कांदे तुडवणारे’ म्हणतात, कारण कांद्याची पात तुडवून आडवी केली की जोर खाली कांद्यात जातो. मूळचं जेवण गरिबाचं.

9 नोव्हेंबर, शनिवार: हंडा चढवला

माझं 1.2 किलो, वायरमानचं धुराचं 2.8, म्युनिक माल्ट 1. भरडताना माझं माल्ट जरा दगडी लागलं, दोनदा भरडलं.

63 अंशांवर 40 मिनिटं. मग घट्ट भागातला तिसरा हिस्सा दुसऱ्या पातेल्यात काढून 15 मिनिटं उकळला आणि परत ओतला. तेवढ्याने सगळं 72 वर गेलं. थर्मामीटर नव्हता त्या काळात तापमान नेमकं वाढवायची ही युक्ती: किती उकळायचं हे ठरलेलं, की किती तापणार हेही ठरलं. ढवळताना खालून करपू नये म्हणून हात थांबवता येत नाही. स्वयंपाकघरात पिठलं आणि शेकोटी यांचा मिळून वास येत होता.

गाळायला चोथ्याचा थर बसू दिला. एकदा अडलं, सुरीने वरचा थर चिरला, परत वाहू लागलं. 78 अंशांच्या पाण्याने धुतलं. 90 मिनिटं उकळी, सुरुवातीला हॅलर्टाउ हॉप्स 50 ग्रॅम, नंतर काही नाही. राउखबिअरमध्ये हॉप्सने पाठीमागे उभं राहावं.

20 लिटर, 13.4 अंश प्लाटो (रसातल्या साखरेचं माप). श्लेंकर्लाचं मेर्त्सेन 13.5 वर असतं. एवढं जवळ येईल असं वाटलं नव्हतं. रात्रभर तळघरात, सकाळी 10 अंशांवर यीस्ट घातलं.

12 नोव्हेंबर

फेस आलाय. सडक्या अंड्यांसारखा गंधकाचा वास, पण या यीस्टचा तो स्वभाव आहे, मुरताना जातो.

24 नोव्हेंबर

3.8 प्लाटो. म्हणजे मद्यांश सुमारे 5.1 टक्के, श्लेंकर्लाइतकाच. चव अजून कच्ची, धूर वेगळा आणि बिअर वेगळी. दम धरायचा.

1 डिसेंबर

पिपात भरून फ्रिजमध्ये, 2 अंश. तळाचं यीस्ट बरणीत काढून ठेवलं. बरणीचं झाकण उघडलं तरी धुराचा वास येतोय.

6 जानेवारी 2025, सोमवार

आज इथे सुट्टी, तीन राजांचा सण. उत्तर फ्रांकेनमध्ये या दिवशी येत्या वर्षाचं बळ पिऊन घ्यायचं असतं, महिन्याला एक ग्लास असा हिशोब. खरी प्रथा बॉक या कडक बिअरची, पण आजोबा म्हणाले, आज तुझी उघड.

पाच आठवड्यांत गंधक गेलाय. रंग श्लेंकर्लापेक्षा एक छटा फिकट. धूर आणि माल्ट आता एक झालेत, घोट गिळल्यावर शेवटी कोरड्या लाकडाची चव उरते. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. ग्लास अर्धा झाल्यावर म्हणाले, लहानपणी वडील संध्याकाळी बिअर आणायला श्लेंकर्लाच्या खिडकीशी भांडं घेऊन पाठवायचे, आणि परत येताना त्या भांड्याला जो वास यायचा, तो यात थोडासा आहे. ‘थोडासा’ वर त्यांनी जोर दिला. मला तेवढा पुरेसा आहे. त्यांनी बारा ग्लासांचा आग्रह धरला नाही, दोनावर थांबलो.

11 जानेवारी, शनिवार

श्लेंकर्लाची बाटली आणि माझी, शेजारी शेजारी, एकाच तापमानाला. फरक लपत नाही. त्यांचा धूर खोल आहे, नाकापासून घशापर्यंत एकसंध जातो. माझा पुढे जोरात येतो आणि मधे विरळ होतो. कारणही दिसतं. माझ्या 5 किलोतला एक किलो म्युनिक माल्ट बिनधुराचा होता, आणि माझ्या हातच्या 1.2 किलोला आग मिळाली ती एका दिवसाची, एका शिकाऊ माणसाची. त्यांच्याकडे ट्रुम कुटुंबाची सहावी पिढी आहे आणि भट्टी वर्षानुवर्षं तीच. मी एका परातीसाठी सात तास डोळ्यांत तेल घालून बसले. ते हे काम खंड न पडू देता करत आले, इतर सगळे सोडून देत होते त्या काळातही. याबद्दल मला वाटणारा आदर या तीन महिन्यांत फार वाढला आहे.

पुढच्या वेळी: म्युनिक माल्ट काढायचं, परात दुप्पट मोठी, आग पहाटे पाचला.

18 जानेवारी

श्लेंकर्लाची एक फिकट लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर) आहे, जिच्यात धुराचं माल्ट नसतंच. तीही त्याच भांड्यांत होते, त्याच यीस्टवर आंबते आणि धुराची पुसटशी चव घेऊन येते. ऑक्टोबरात ती प्यायले तेव्हा मला भास वाटला होता.

बरणीतलं यीस्ट गेले दोन दिवस थोड्या गोड पाण्यात जागं केलं. आज साधं पिल्सनर माल्ट, धूर शून्य, 10 लिटर. संध्याकाळी 6 ला यीस्ट घातलं, तळघर 9 अंश. आजोबांनी शेडमधल्या आतल्या रांगेतले चौदा ओंडके माझ्या नावाने बाजूला काढून ठेवलेत.